डाव्या हाताला काम

पूर्वी जेवताना घराघरांत गप्पांचे फड रंगायचे, मोबाइल आला आणि सगळं मुकं झालं, असं हल्ली कुणी ना कुणी हळहळून सांगत असतं. कुठल्या गावची घरं ही, मला एकदा जाऊन बघायची आहेत. आमच्याकडे जेवताना बोललं की ठसका लागतो असा कायदा होता, आणि ठसका नाही लागला तर आजोबांची नजर लागायची. आजोबा पाटावर बसले, ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, की पुढे त्यांचं तोंड फक्त घासापुरतं उघडायचं. आमटी हवी असेल तर वाटी दोन बोटांनी इंचभर पुढे सरकवत. भात हवा असेल तर ताटात मधोमध जागा करत. आजी ते बरोबर वाचायची. अख्ख्या जेवणात शब्द एकच, तोही शेवटी: ‘पुरे.’

वडिलांच्या पिढीत बोलणं सुरू झालं, पण त्याला गप्पा म्हणवत नाही. ती चौकशी होती. वडील दिवसभर बाहेर, आम्ही संध्याकाळभर बाहेर. सगळे एकत्र सापडायचे ते याच वेळी, आणि तेही हात खरकटा असताना. खरकट्या हाताने पळून जाता येत नाही, दाराच्या कडीला हात लावता येत नाही, दप्तरातलं प्रगतिपुस्तक तर दूरच. अशा बंदोबस्तात गणिताचे गुण निघायचे. तोंडात घास असला की उत्तर द्यावं लागत नाही, एवढी एकच पळवाट होती. म्हणून आम्ही मोठमोठे घास घ्यायचो, मग ‘एवढा मोठा घास घेतात का’ या कलमाखाली दुसरी चौकशी लागायची. त्या काळात कुणी मला कानात घालायची बोंडं आणून दिली असती तर मी ती आनंदाने घातली असती.

जेवतानाचं खरोखर काही मेलं असेल तर ते वाद. आमच्या काकांच्या मते संदीप पाटीलने बॉब विलिसला एका षटकात सहा चौकार ठोकले ते लॉर्ड्सवर. वडिलांच्या मते मँचेस्टरला. हा वाद वरणभाताला सुरू व्हायचा, पोळीला चढायचा, ताकभातापर्यंत दोघं क्रिकेट सोडून गावाकडच्या जमिनीच्या वाटणीवर पोचलेले असायचे, आणि सुपारी कातरता कातरता काका ‘तू तेव्हा लहान होतास’ म्हणून जिंकायचे. दोघांत अंतर दीड वर्षाचं. परवा हाच विषय निघाला तेव्हा माझ्या मुलाने मान वर न करता निकाल वाचून दाखवला: १९८२, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर, पाटील नाबाद १२९. शिवाय त्या षटकात एक नोबॉलही होता, जो दोन्ही पक्षांना ठाऊक नव्हता. काका गप्प झाले आणि त्यांनी पोळी मागितली. वडील जिंकले, पण चेहरा त्यांचाही पडला. इतकी वर्षं पुरवून पुरवून खाल्लेला वाद एका घासात संपला याचं कुणाला बरं वाटेल?

तसं बघितलं तर मोबाइलच्या आधी ताटासमोर कुणी बसलेलंच नव्हतं असंही नाही. वर्तमानपत्र होतं. चौघडी करून ताटाच्या डावीकडे, पंख्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर पाण्याचं भांडं. अग्रलेखावर भांड्याच्या बुडाचं गोल उमटायचं आणि दुसऱ्या दिवशी ती रद्दी वाण्याकडे वजनाला कमी न भरता जायची, म्हणून कुणाची तक्रार नसे. मग रेडिओ आला, त्याला निदान डोळे लागत नसत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि घरोघर जसजसा टीव्ही बाहेरच्या खोलीत आला तसतशी त्याच्या मागोमाग ताटंही बाहेरच्या खोलीत आली. स्वयंपाकघरातून पोळी घेऊन बाहेर यायची, ती जाहिराती लागल्या की, अशी वेळापत्रकं बसली.

त्याच सुमारास फ्लॅटांमध्ये डायनिंग टेबल नावाची वस्तू आली. मराठी घरातलं डायनिंग टेबल हे मूलतः जेवण्यासाठी नसतं. त्यावर लोणच्याच्या बरण्या असतात, मेतकूट असतं, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते, भरलेलं आणि न भरलेलं लाइटबिल असतं, इस्त्रीला द्यायचे कपडे असतात आणि एका कोपऱ्यात कोथिंबीर निवडून ठेवलेली असते. उरलेल्या जागेत, कोपर अंगाशी घेऊन, माणसं जेवतात. टेबलाशेजारी भिंतीत मिक्सरसाठी म्हणून केलेला प्लग असतो. मोबाइल टेबलाशी आला तो ह्या प्लगसाठी. जेवायला म्हणून आलाच नव्हता, चार्जिंगला आला आणि राहिला.

१९९५ साली भारतात मोबाइल आला तेव्हा जेवणाला त्याच्यापासून काही धोका नव्हता. आलेल्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे तो वाजला की घरातले सगळे ‘उचलू नको, उचलू नको’ म्हणून ओरडत, आणि मग हात धुऊन लँडलाइनवरून उलट फोन केला जाई. पुढे येणारे फोन फुकट झाले, २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की वाचवण्यात अर्थच उरला नाही, आणि मोबाइल प्लगपासून सुटून ताटाशेजारी येऊन बसला.

तिथे त्याला जी जागा मिळाली ती मात्र आपल्या जेवणाच्या रीतीने त्याच्यासाठी जणू राखूनच ठेवली होती. काट्या-सुरीने जेवणाऱ्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. आपण एका हाताने जेवतो. उजवा उष्टा, डावा सोवळ्यात. डाव्याने पाण्याचं भांडं उचलायचं, पळीने वाढून घ्यायचं, एवढंच. पोळीसुद्धा एकाच हाताने तोडायची: मागच्या बोटांनी दाबून धरायची आणि अंगठा-तर्जनीने तुकडा करायचा. हे शिकताना डाव्या हातावर चापट खाल्ली नाही असा माणूस आमच्या पिढीत तरी विरळा. पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर रिकामा बसलेला तो हात! त्याला अखेर काम मिळालं. डाव्या अंगठ्याने सरकवणं, थांबवणं, मोठं करून बघणं हे सगळं आता इतकं सफाईने होतं की उजव्या हाताला वाटीतली भाजी न बघता सापडते.

माझा एक भाचा डावखुरा आहे. त्याला उजव्या हाताने जेवायला लावायची त्याच्या आजीने फार खटपट केली, शेवटी हरली. आता तो डाव्याने जेवतो आणि उजव्यात मोबाइल धरतो. रागवायचं तर नेमकं कोणत्या हातावर, हे आजीचं ठरेपर्यंत त्याचा भात संपतो.

पंगतीचा आणि बुफेचा न्यायही यात उलटा झाला. ताट हातात घेऊन फिरत खाणं म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या मते संस्कृतीचा शेवट. पण लग्नाच्या हॉलमध्ये नीट बघा. बुफेच्या रांगेतल्या माणसाचा डावा हात ताटाखाली अडकलेला असतो, उजवा ताटात. मोबाइल खिशात वाजून वाजून थकतो. खांदा आणि कान यांच्यात तो धरणारे काही असतात, पण जिलबीचा पाक शर्टावर आला की तेही नाद सोडतात. उलट पाटावर, केळीच्या पानासमोर, उदबत्ती-रांगोळीसह बसलेल्या सोवळ्या पंगतीत मांडीवरचे डावे हात मोकळे, आणि त्या हातांत ओळीने पडदे उजळलेले.

या पडद्याची आणि आमटीची एक वेगळीच ओळख आहे. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि पडद्याला आपला स्पर्श कळतो. आता बोटात काय आणि आमटीत काय, शेवटी पाणी आणि मीठ. पडद्यावर आमटीचा थेंब पडला तर त्याला कधी कधी ते बोटच वाटतं. तूप सज्जन आहे. ते पडलं तर नुसतं धूसर करून बसतं, कारभार करत नाही. आमटी मात्र निर्णय घेते. क्रिकेटचा वाद हरलेल्या त्या काकांच्याच मोबाइलवर घरच्या ग्रुपमध्ये लांबच्या नात्यातल्या कुणाच्या दशक्रियेचा निरोप उघडा होता. त्यावर थेंब पडला, रुतून बसला, निरोपावर सहा चित्रांची रांग उघडली, ती घालवायला काकांनी घाईने मनगट फिरवलं आणि त्या रांगेतला हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा निवडला गेला. काकांच्या हे लक्षात आलं ते हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून, झोपाळ्यावर बसल्यावर. तोवर नात्यातल्या बऱ्याच जणांनी तो चेहरा पाहिला होता. आमटीमुळे झालं, हे त्यांनी फोन करून करून सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

तर, बोलणं मोबाइलने नेलं हे मला काही पटत नाही. बघणं नेलं म्हणा. आपल्या जेवणातले जवळजवळ सगळे रीतिरिवाज दुसऱ्याच्या ताटात बघण्याचे आहेत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मध्ये भाताची मूद, वर वरण आणि तुपाची धार. हा सगळा नकाशा जेवणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्यासाठी असतो, म्हणजे वाकल्या वाकल्या त्याला कळावं कुणाचं काय संपलं. चांगला वाढपी पंगतीत माणसांचे चेहरे बघतच नाही, पानं बघत जातो. कुणाचा भात कोरडा राहिलाय, कुणी नावडती भाजी पापडाखाली लपवलीय, कोण श्रीखंडाला ‘नको’ म्हणतोय पण हात पानावर आडवा धरत नाहीये. तोंडाने ‘नको’ म्हणणं हा आपल्याकडे नकार धरत नाहीत, पानावर हात आडवा आला तरच तो नकार. ‘सावकाश होऊ द्या’ म्हणणारा यजमान खरं तर सावकाश जेवणाऱ्या एकाच गृहस्थावर नजर ठेवून असतो, कारण त्यांचा ताकभात संपल्याशिवाय कुणाला उठता येत नाही आणि पुढची पंगत दारात उभी असते.

मोबाइल हातात असलेल्या माणसाला तुम्ही विचारा, ‘पोळी वाढू?’ तो म्हणतो, ‘हं.’ हे ‘हं’ होकाराचं की ऐकलं एवढंच सांगणारं, याचा निवाडा वाढणाऱ्याने करायचा. पोळी पडते. ती खाल्ली जाते. थोड्या वेळाने तो विचारतो, ‘भाजी संपली?’ संपली. कुणी खाल्ली? त्यानेच.

डोंबिवलीच्या माझ्या मावशीने याचा प्रयोगच केला. मावशी भांडखोर नाही, पण चिकित्सक आहे. ज्या घरात मिठाच्या एका चिमटीवरून तिने नव्याची नवरी असल्यापासून ऐकून घेतलं होतं, त्या घरात तिने एका रात्री आमटीत मीठ घातलंच नाही. चिंच-गूळ, गोडा मसाला, सगळं व्यवस्थित. चौघं जेवायला बसली. मुलगा ऑफिसचं कसलंसं बघत होता, सून साड्यांचं थेट प्रक्षेपण, यजमान सामना, नातू काय बघत होता ते विचारू नये. मावशी पोळ्या लाटता लाटता कान देऊन होती, आता कुणी तरी म्हणेल. यजमानांनी आमटीची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. सून म्हणाली, ‘आई, आमटी मस्त झालीय हं.’ मावशी म्हणते, लग्न होऊन आल्यापासून माझ्या हातच्या जेवणाला कुणी नावं ठेवली नाहीत असा तो पहिला दिवस, आणि मला इतका राग कधी आला नव्हता.

हे तिने मला फोनवर सांगितलं, रात्री साडेनऊच्या पुढे, आणि मधूनमधून तिचा आवाज घास तोंडात असल्यासारखा येत होता. तिचं जेवण चाललं होतं. सगळ्यांची झाल्यावर ओटा आवरून ती बसते, कैरीच्या लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवते आणि जेवते. तिच्या अंगठ्याला तो मोबाइल धड ओळखतसुद्धा नाही. भांडी घासून, पीठ मळून रेषाच पुसट झाल्यात, म्हणून तिने सरळ आकड्यांचं कुलूप लावलंय. एका हाताने तो उघडायचा आणि बहिणींना लावायचा. एक नाशिकला, एक इंदूरला, धाकटी दुबईत मुलाकडे. दुबईचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून तिची पोळी तव्यावर असते. ‘काय केलंयस, दाखव’ म्हटलं की इंदूरची कढई पडद्यावर येते. ‘शेव भाजीत एवढी आधी नको टाकूस, मऊ पडते.’ ‘तुझं ताट दाखव आधी. नुसता ताकभात? पोळी संपली होती ना? मग दोन घडीच्या जास्त नाही लाटता आल्या?’

एकत्र कुटुंबात पुरुषांची आणि मुलांची उठली की बायकांची पंगत बसायची. ती चालायची तासभर, आणि गप्पांचा फड कुठे रंगत असेल तर तिथे. आम्ही मुलं पाणी प्यायचं निमित्त काढून ऐकायला जायचो आणि हाकलले जायचो. घरं लहान झाली, जावा-नणंदा पांगल्या, आणि त्या पंगतीत एकच पान उरलं. उरलेली भाजी कढईतच, कोरभर पोळी तिच्यातच फिरवून, ओट्याला टेकून उभ्या उभ्या संपवलेलं जेवण हे कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चाललं आणि त्याला कुणी कुटुंबसंस्थेचा ऱ्हास म्हटलं नाही. मावशीची पंगत मोबाइलने परत मांडली. जेवणघरात मोबाइल बंद असा नियम करणाऱ्यांनी हिचा मोबाइल कोणत्या तोंडाने काढून घ्यायचा?

लहान मुलांचं मात्र माझ्या जिवाला लागतं. दोन वर्षं पुरी होईपर्यंत मुलाला पडदा नकोच, आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, कारण ते मोबाइलवरच वाचलेलं असतं. आता मूल भरवताना काहीतरी दाखवायचंच, ही चाल जुनीच. चिऊचा घास, काऊचा घास, चांदोबा, अंगणातली मांजर, समोरच्या गॅलरीतली बाई. पण काऊ बेभरवशाचा. ऐन वेळी उडून जायचा, आणि भरवणाऱ्याला दुसरं काही रचावं लागायचं. त्या रचण्यात मूल भरवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. मोबाइलमधला काऊ उडून जात नाही. मध्ये जाहिरात आली तर गाणं थांबतं, आणि गाणं थांबलं की तोंड मिटतं. शेजारच्या आजींनी यात हुकमत मिळवलीय. उजव्या हाताच्या बोटांवर मऊ भात, डावा अंगठा जाहिरात वगळण्याच्या बटणावर रोखलेला, नजर त्या उलट मोजणीवर. पाच, चार, तीन. नातवाच्या तोंडाकडे बघायला त्यांना फुरसत नसते, बिचारा गालात साठवत राहतो.

सगळा ठपका तरुण मुलांवर येतो हेही मला अन्यायाचं वाटतं. माझ्या बघण्यातल्या मुलामुलींनी आपापला शिष्टाचार बसवलाय. जेवायला बसताना मोबाइल उपडा ठेवायचा. उताणा ठेवणं म्हणजे समोरच्यापेक्षा त्याच्याकडे लक्ष आहे असं सांगणं. फोन घ्यावाच लागला तर ‘सॉरी, एक मिनिट’ म्हणून उठून गॅलरीत जायचं. आवाज कानातल्या कानात. आणि त्यांच्या शेजारी आमच्या वयाचे निवृत्त लोक बघा. मोबाइल ताटाच्या कडेला उताणा, आवाज पूर्ण, एकदा मधुमेहावरचा रामबाण उपाय, लगेच कुणाचं तरी भजन, लगेच गाढव आणि धोब्याचा विनोद, आणि प्रत्येक वेळी ‘हे बघ, हे बघ’ म्हणून तो पडदा दुसऱ्याच्या नाकासमोर. ज्यांनी आम्हाला जेवताना तोंडाचा आवाज करू नये म्हणून शिकवलं ते हेच.

मोबाइलच्या या नादाला उपाय एका गावाने काढला होता, घराने नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या दिवसांत शाळा मोबाइलवर गेली. पुढे शाळा भरली तरी मुलं मोबाइलवरून उठेनात, ही तिथल्या शिक्षकांची तक्रार. सरपंच विजय मोहिते यांनी १४ ऑगस्ट २०२२ ला गावातल्या महिलांची सभा घेतली, आणि १५ ऑगस्टपासून देवळावरचा भोंगा वाजू लागला. संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की मोकळीक. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगून आले. सुरुवातीला लोक हसले, मग ऐकू लागले. यातली मेख माझ्या मते भोंग्यात नाही, शेजाऱ्यात आहे. आपण बंद केल्यावर समोरच्याच्या खिडकीत निळा उजेड दिसतो का, हे बघायला प्रत्येक जण मोकळा असतो, आणि माणसाकडून नियम पाळून घेण्याची एवढी ताकद दुसऱ्या कशात नाही.

आमच्या सोसायटीत तो भोंगा लावता येईल का, असं मी एकदा बोलून बघितलं. आधी सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल, असं कळलं. शिवाय पुण्यात साडेआठला कुकर लागतो. म्हणजे मोबाइल सुटायचा तो नेमका पानं घ्यायच्या वेळी.

घरच्या घरी नियम करणाऱ्यांची मी हलाखी पाहिली आहे. एका मित्राकडे जेवताना सगळ्यांचे मोबाइल पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची पद्धत सुरू झाली. स्टीलच्या डब्यात थरथरणारा मोबाइल काय आवाज करतो ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. सगळ्यांचे घास हवेत थांबत आणि कुणाचा, कुणाचा, हा एकच विषय जेवणभर चाले. डबा लवकरच पुन्हा पोळ्यांकडे गेला.

माझ्या धाकट्या वहिनीने मात्र परवानगीचाच कायदा केला. मोबाइल बंद वगैरे काही नाही, खुशाल बघा. फक्त जेवताना ज्याच्या हातात मोबाइल दिसेल त्याने उठून सगळ्यांना वाढायचं. डावा हात मोकळा आहेच, डाव त्यात धरायचा. पोरं आधी हसली, मग सावध झाली. ताट समोर आलं की मोबाइल मांडीखाली सरकू लागले. थोरली एकदा मैत्रिणीच्या निरोपासाठी पकडली गेली आणि तिने निमूटपणे सगळ्यांना ताक वाढलं, तिच्याच पायावर सांडलं तेवढं सोडून.

एका रविवारी दुपारी माझा भाऊ सापडला. ऑफिसचा फोन, रविवार असूनही, म्हणजे नाइलाजच. पण तो ठेवल्यावर मेल बघायला त्याने पडदा उघडला आणि वहिनीने नुसतं त्याच्याकडे बघितलं. आमच्या घरात आजवर ज्याने पाण्याचं भांडंसुद्धा स्वतःचं भरून घेतलं नाही असा हा माणूस उठला. पोळ्या वाढल्या, आईला दोन, कारण एक वाढलेली तिला कळलीच नाही. वरणाची पळी कुठे असते ते धाकट्याने दाखवलं. मग त्याच्या हातात चटणीची वाटी आली आणि तो ताटाशी वाकून घुटमळला. डावी की उजवी? कुणीच सांगेना, सगळ्यांना बघायचं होतं. त्याने शांतपणे खिशातून मोबाइल काढला, शोधलं, आणि ओळीने प्रत्येकाच्या ताटात डावीकडे, मिठाशेजारी, बरोब्बर चटणी वाढत गेला. आईपाशी आला तेव्हा तिने त्याच्या वाढण्याकडे आणि मग आपल्या ताटाकडे नीट बघितलं.

‘लिंबू राहिलं,’ ती म्हणाली.